मुलाला कुणी छळतंय का? ओळखायचं कसं आणि पुढे करायचं काय

मूल घरी येऊन ‘मला शाळेत त्रास देतात’ असं स्वतःहून सांगेल, या भरवशावर राहू नका. बरीच मुलं सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते. आई-बाबा चिडतील, शाळेत येऊन तमाशा करतील अशी धास्ती असते. ‘घरी सांगितलंस तर बघ’ अशी तंबीही मिळालेली असते. काहींना तर हे आपल्याच वाट्याला का आलं याचं उत्तर ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असं सापडलेलं असतं, आणि ते कुणाला सांगावंसं वाटत नाही.

ज्या पालकांना नुकतीच शंका आलीय, किंवा कालच काहीतरी कळलंय आणि रात्रभर झोप लागलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे. छळ होणाऱ्या मुलाचं स्वतःच्या बाबतीतही काही चालेनासं झालेलं असतं. कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, कुठल्या जिन्याने जायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. घाबरलेले पालक मायेपोटी उरलंसुरलंही काढून घेतात. मुलाला न विचारता शाळेत फोन जातो, मोबाइल जप्त होतो, शाळा बदलायचं ठरूनही जातं. तेव्हा प्रत्येक पावलाआधी स्वतःला विचारा: हे केल्यावर मुलाच्या हातात जास्त राहील की कमी?

भांडण कुठलं आणि छळ कुठला

मुलं भांडतात, रुसतात, दोन दिवसांनी पुन्हा गळ्यात गळे घालून फिरतात. त्यात मोठ्यांनी पडायची गरज नसते. छळ ओळखण्याची आज जगभर वापरली जाणारी कसोटी डॅन ओल्व्हियस या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आली. १९७०च्या दशकात त्यांनी स्वीडनमधल्या शाळकरी मुलांचा या अंगाने शिस्तशीर अभ्यास सुरू केला. पुढे १९८२ साली नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे शाळेतला छळ असावा असं समोर आलं आणि तो देश हादरला. १९८३ मध्ये तिथे छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि ओल्व्हियस यांचा शाळांसाठीचा कार्यक्रम तिच्यातूनच उभा राहिला.

त्यांच्या कसोटीत तीन खुणा आहेत: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. तिसरी खूण पालकांच्या नजरेतून सर्वात जास्त निसटते, कारण ताकद म्हटलं की आपल्याला दंड आणि उंची आठवते. वर्गात कुणाचं ऐकलं जातं, कुणाच्या मागे चार जण उभे राहतात, कुणाकडे कुणाचं गुपित आहे किंवा फोटो आहे, ही सगळी ताकदच. किडकिडीत मुलगा धिप्पाड मुलाला वर्षभर छळू शकतो. म्हणून ‘अरे, तू त्याच्यापेक्षा उंच आहेस, घाबरतोस कशाला?’ हा प्रश्न मुळातच चुकीच्या जागी लागतो.

चिडवाचिडवी कुठे संपते याचा अंदाज घ्यायला दोन साधे प्रश्न पुरतात. आपलं मूल ‘पुरे’ म्हणाल्यावर समोरचा थांबतो का? आणि आज जो चिडवतोय, त्याला उद्या आपलं मूल तितक्याच मोकळेपणाने चिडवू शकतं का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ‘मस्करी चालली होती’ हा खुलासा स्वीकारू नका.

मारहाण, वस्तू हिसकावणं, नावं ठेवणं हे प्रकार निदान कुणाला तरी दिसतात. एकटं पाडणं मात्र कुणालाच दिसत नाही. आपली मुलगी जवळ आली की बोलणं थांबतं. शेजारची जागा रोज ‘धरलेली’ असते. सगळ्यांना बोलावणं जातं, तिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच त्या कार्यक्रमाच्या गप्पा रंगतात. वरून पाहिलं तर कुणी काहीच केलेलं नसतं. २००३ साली एका प्रयोगात लोकांना संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला बसवलं होतं. थोड्या वेळाने बाकीच्या दोन ‘खेळाडूंनी’ त्यांच्याकडे चेंडू देणं बंद केलं, बस्स. तेवढ्यानेही शारीरिक वेदनेशी ज्यांचा संबंध जोडला जातो असे मेंदूचे काही भाग सक्रिय झालेले दिसले. तेव्हा ‘खेळायला घेत नाहीत एवढंच ना?’ असं मुलीला म्हणण्याआधी जरा थांबा.

‘आमच्या वेळीही व्हायचं, त्यातूनच माणूस घट्ट होतो’ असं सांगणारं कुणीतरी घरात असतंच. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातल्या सात हजारांहून अधिक मुलांच्या पालकांना, मूल ७ आणि ११ वर्षांचं असताना, त्याचा छळ होतो का असं विचारलं होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही नैराश्याचं प्रमाण जास्त होतं आणि तब्येत, नातेसंबंध, समाधान यांतही ते मागे होते. प्रत्येकाचं असं होतं असं नाही, पण ‘होतंच असं’ म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही. आणि आपलं मूल त्यात एकटंही नाही. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरातल्या जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाने आदल्या महिन्यात छळ अनुभवला होता. मुलाला हे सांगा. ‘फक्त माझ्यासोबतच का’ हा सल थोडा तरी बोथट होतो.

मूल बोलत नाही तेव्हा काय पाहायचं

फाटलेला सदरा, हरवलेली पेन्सिल, गुडघ्यावरचं खरचटणं हे कुठल्याही मुलाच्या बाबतीत होतं. लक्ष द्यायचं ते नेहमीच्या वागण्यात पडलेल्या फरकाकडे आणि पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टींकडे.

सकाळी पोट दुखतं, शाळेची वेळ टळली की थांबतं. हे नाटक आहे असं धरून चालू नका. भीतीने पोट खरोखर दुखतं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी खुललेलं मूल सुट्टी संपता संपता गप्प होतं. जवळचा रस्ता सोडून लांबून येतं. डबा तसाच परत येतो, किंवा मूल घरी आल्यावर उपाशी असल्यासारखं खातं, कारण त्याचा डबा दुसराच कुणीतरी संपवतो. वस्तू आणि पैसे वारंवार ‘हरवतात’. काल ज्या मैत्रिणीचं नाव दर वाक्यात यायचं, ते अचानक यायचं बंद होतं. आठवडाभर झोप नीट लागत नाही, किंवा मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं.

एक खूण फारशी कुणी सांगत नाही. मूल घरात पाऊल टाकताच दप्तरही न उतरवता बाथरूमकडे धावतं. रोजच. त्याने दिवसभर लघवी दाबून धरलेली असते, कारण शाळेच्या स्वच्छतागृहात शिक्षक नसतात आणि बरंच काही तिथेच घडतं. कधी स्वच्छतागृह घाण असल्यानेही मुलं जात नाहीत, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. पण विचारा जरूर.

घरातल्या धाकट्या भावंडावर एकाएकी हात उचलला जाऊ लागला, तर तिकडेही लक्ष द्या. शाळेत गिळलेला राग घरी असा बाहेर पडतो. यांतलं एखादंच लक्षण दिसलं तर त्याची दहा कारणं असू शकतात, आजारपणही त्यात आलं. दोन-तीन एकत्र आणि सलग दिसली, की बोलायची वेळ झाली.

विचारायचं कसं

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून ‘तुला कुणी त्रास देतंय का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. हातात दुसरं काहीतरी काम असताना बोलणं सोपं जातं. सोबत चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा मालवल्यावर अंथरुणात. नजर भिडवावी लागत नाही, गप्प राहिलं तरी अवघडत नाही.

प्रश्नही जागांबद्दल विचारा, भावना आपोआप मागे येतात. ‘मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस?’ ‘बसमध्ये शेजारी कोण बसतं?’ ‘शाळेत असा कुठला कोपरा आहे का, जिथे तुला जावंसं वाटत नाही?’ लहान मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगा आणि आवडत्या-नावडत्या जागा रंगवायला द्या. जिना काळा रंगवला गेला, तर पुढचं बोलणं त्या जिन्याबद्दल होईल. किंवा तिऱ्हाइताची गोष्ट काढा: ‘एका मुलाला वर्गात सगळे वेड्यासारखं नाव घेऊन हाक मारतात म्हणे. तुमच्या वर्गात होतं का असं कुणासोबत?’

मूल गप्प राहिलं तर रेटू नका. ‘ठीक आहे. कधी सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, आणि तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही’ एवढं म्हणून विषय सोडा. दोन दिवसांनी ते स्वतःच येऊ शकतं.

सांगितल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी या पाच मिनिटांची हवी. मूल पहिल्यांदा जे सांगतं ते बहुतेक वेळा अर्धवट असतं, त्यातला सौम्य भाग असतो. तो सांगताना ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. तिथे संताप किंवा रडू दिसलं, तर पुढचा भाग ते गिळून टाकतं. तुम्ही हादरलात हे साहजिक आहे, पण ते नंतर, दुसऱ्या खोलीत.

म्हणायचं फार थोडं असतं. ‘बरं झालं सांगितलंस.’ ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ ‘यात तुझी चूक नाही.’ मग ऐका. ‘मग काय झालं?’ आणि ‘तेव्हा आजूबाजूला कोण होतं?’ यापलीकडे फार विचारू नका. तारखा आणि नावांची उलटतपासणी उद्यावर टाका.

तीन उत्तरं आपल्या जिभेवर तयारच असतात, ती आवरा. ‘तू काय केलं होतंस?’ यातून दोष मुलाकडे सरकतो. ‘दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल’ हे त्या मुलाला सांगणं, ज्याने कित्येक दिवस दुर्लक्षच करून पाहिलंय आणि थकून तुमच्याकडे आलंय. आणि ‘तूही एक ठेवून दे’. हा सल्ला मनापासून दिला जातो, पण ताकदीचा फरक मुळातच असल्यामुळे तो बहुतेक वेळा अंगाशी येतो. मूल मार जास्त खातं किंवा शाळेच्या दृष्टीने तेच गुन्हेगार ठरतं. ज्याला मारताच येत नाही ते घरीही ‘भित्रं’ ठरतं, म्हणजे शाळेतला शिक्का घरातही पक्का झाला.

‘कुणाला सांगू नका’ अशी अट मूल घालेल. ती सरसकट मान्य करू नका, कारण पाळता येणार नाही. असं म्हणा: ‘तुला न सांगता मी काही करणार नाही. आधी आपण दोघं ठरवू.’ आणि मग खरोखर तसंच वागा.

आधी जिवाचा प्रश्न

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘उद्या उजाडूच नये’ अशी वाक्यं, अंगावर स्वतः केलेल्या जखमा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यांतलं काही दिसलं तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा. सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल किंवा टाळाटाळ असेल, तर मुलाला एकटं सोडू नका. औषधं, धारदार वस्तू, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा तुमच्या भागातली मुलांसाठीची हेल्पलाइन गाठा. शाळेशी बोलणं एक दिवस थांबू शकतं.

गंभीर मारहाण, लैंगिक छळ, शस्त्राची धमकी किंवा पैशांसाठी धमकावणं यांतही शाळेच्या चौकशीची वाट बघत बसू नका. दवाखाना आणि पोलीस आधी.

वही घाला

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक घटना त्याच दिवशी लिहा. शाळेसमोर बसल्यावर ‘नेहमीच त्रास देतात हो’ यापेक्षा वहीतली चार पानं कितीतरी जास्त बोलतात. नोंद अशी असावी:

*मंगळवार, मधली सुट्टी, जिन्याखाली. तिघांनी दप्तर ओढून घेतलं, वह्या बाहेर फेकल्या. चौथा मोबाइलवर शूट करत होता. शिक्षक नव्हते. समोरच्या वर्गातल्या दोन मुली बघत होत्या. विज्ञानाच्या वहीचं पान फाटलं, फोटो काढलाय. रात्री जेवला नाही.*

काय घडलं तेवढंच लिहा. ‘तो मुलगा वाह्यातच आहे’ हे वहीत नको. मुलाचे शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे लिहा. आठवड्याभराने वही चाळलीत की कधी जागा तीच असते, कधी तास तोच, कधी एकच शिक्षक रजेवर असतानाचे दिवस. असं काही हाती लागलं, तर शाळेला नेमकं काय सांगायचं हे ठरलंच म्हणून समजा. वही मुलासमोर भरा, पण रोज रात्री उलटतपासणी होऊ देऊ नका. दिवसातली दहा मिनिटं या विषयाला, बाकीची संध्याकाळ दुसऱ्या कशालाही.

शाळेशी बोलताना

सुरुवात वर्गशिक्षकांपासून करा. मुख्याध्यापकांकडे थेट धाव घेतलीत तर वर्गात रोज समोर असणारी व्यक्ती दुखावते, आणि उपयोग तर तिचाच जास्त असतो. फाटकाशी उभ्या उभ्या किंवा पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. वेळ मागून घ्या, तोही लेखी. असं काहीतरी:

*‘माननीय वर्गशिक्षिका यांस, गेले काही आठवडे माझ्या मुलाला वर्गातल्या काही मुलांकडून वारंवार त्रास होत आहे. घटनांची तारीखवार नोंद माझ्याकडे आहे. त्याची सुरक्षितता कशी राखता येईल हे आपल्याशी बोलून ठरवायचं आहे. या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? तोवर हा विषय वर्गात काढू नये, ही विनंती.’*

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. चांगल्या हेतूने काही शिक्षक लगेच वर्गात विचारतात, ‘याला कोण त्रास देतं रे?’ आणि मधल्या सुट्टीत त्याची परतफेड होते.

भेटीआधी मुलाला विचारा: ‘टीचरनी काय केलं तर तुला बरं वाटेल? काय केलं तर आणखी वाईट होईल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाला हमखास ठाऊक असतं. ते जसंच्या तसं शिक्षकांना सांगा.

भेटीत शिक्षक चकित होतील, ‘माझ्यासमोर असं काही झालं नाही’ म्हणतील. ते खरंही असू शकतं, कारण छळ मोठ्यांची पाठ वळल्यावरच होतो. वाद घालू नका, वही पुढे करा. ‘त्या मुलांना शिक्षा करा’ ही मागणी पुढे रेटलीत तर बोलणं पुराव्यावर आणि ‘दोन्ही बाजूंवर’ अडतं. त्यापेक्षा नेमक्या गोष्टी मागा. जिन्यापाशी मधल्या सुट्टीत कोण उभं राहील? वर्गात आणि बसमध्ये जागा बदलता येईल का? आणि बदलायचीच तर त्रास देणाऱ्याची बदला, आपल्या मुलाला हलवू नका, नाहीतर शिक्षा त्यालाच झाली. पुन्हा काही झालं तर मुलाने कुणाकडे जायचं? त्या व्यक्तीचं नाव मुलाला माहीत हवं. पुढची भेट कधी? दोन आठवड्यांपलीकडे नको.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या: दोघांना समोरासमोर बसवून ‘आता हात मिळवा, मित्र व्हा’ असं करायला. भांडणात समेट चालतो, कारण तिथे दोघं बरोबरीचे असतात. छळात ज्याला भीती वाटते तो समोर बसून खरं बोलत नाही, दुसरा गोड बोलून सुटतो, आणि बाहेर पडल्यावर हिशोब चुकता होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायला हवं.

बघे असलेल्या मुलांचा विषय शाळेकडे जरूर काढा. कॅनडातल्या संशोधकांनी मैदानावरच्या मुलांचं चित्रण करून २००१ साली निष्कर्ष मांडले. दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मध्ये पडणारी फार थोडी, पाचात एकाहून कमी प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि २००९ पासून देशभर नेलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच बघ्या मुलांवर भर देतो. तुमच्या शाळेत असा कार्यक्रम नसेलही, पण वर्गातल्या दोन समजूतदार मुलांना ‘मधल्या सुट्टीत याच्यासोबत राहा’ असं शिक्षक हळूच सांगू शकतात. मागायला लाजू नका.

भेट झाली की त्याच दिवशी ठरलेले मुद्दे लिहून शाळेला पाठवा. ठरल्याप्रमाणे झालं नाही तर मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन, मग शिक्षण खातं, प्रत्येक वेळी लेखी. त्रास देणारी व्यक्ती शिक्षकच असेल, तर सुरुवात मुख्याध्यापकांपासून.

समोरच्या मुलाच्या आई-वडिलांना परस्पर गाठावं का? शक्यतो नको. दारात उभं राहून कुणी आपल्या मुलाबद्दल असं ऐकून घेत नाही. बोलणं शाळेमार्फत होऊ दे. आणि त्या मुलाला रस्त्यात अडवून दम देऊ नका, तेही मूलच आहे.

मधल्या काळात मुलासोबत

शाळा हलायला वेळ लागतो, मूल तर उद्या सकाळीच तिथे जाणार असतं. घरी सराव करा. एक छोटं वाक्य निवडा, मुलाच्या तोंडी बसेल असं: ‘मला हे आवडत नाही, थांब.’ किंवा नुसतं ‘बरं’, आणि चालू लागायचं. तुम्ही त्रास देणारे व्हा, मुलाला बोलायला लावा, मग भूमिका बदला. खांदे सरळ, आवाज सपाट, नजर कपाळाकडे. रडू आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही हेही सांगा. पण हे स्पष्ट असू दे की वाक्य चाललं नाही तर ते मुलाचं अपयश नाही. थांबवायची जबाबदारी मोठ्यांची आहे.

‘चुगलखोर’ ठरण्याची भीती बऱ्याच मुलांचं तोंड बंद करते. त्यांना फरक असा सांगा: कुणाला अडकवायला सांगितलं तर ती चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं तर ती मदत. स्वतःला सोडवायला सांगणंही मदतच.

शाळेबाहेर एक जागा शोधा, जिथे मुलाची ती ओळख नाही. खेळ, तबला, चित्रकला, काहीही. तिथे एक मित्र झाला तरी खूप झालं. एक चांगला मित्र असलेल्या मुलांना छळाची झळ कमी लागते, हे अभ्यासांतूनही दिसलंय.

मोबाइलवरचा छळ

शाळा सुटली तरी हा सुटत नाही. पहिला नियम: मोबाइल काढून घेऊ नका. ‘सांगितलं तर फोन जाईल’ हे कळल्यावर मूल पुढचं कधीच सांगणार नाही.

ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. उत्तर देऊ नका, मुलाच्या खात्यावरून तुम्ही तर मुळीच नाही. मग ॲपमध्येच तक्रार करा, आणि नंतर ब्लॉक. ब्लॉक केल्याचं कळून वर्गात वचपा काढतील अशी भीती असेल, तर इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ची सोय आहे. त्या व्यक्तीच्या कमेंट तिच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत आणि तिला हे कळतही नाही. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे ठरवता येतं, ते ‘माझे संपर्क’ किंवा त्याहून मर्यादित करा.

अंगावर कपडे नसलेला फोटो किंवा व्हिडिओ फिरत असेल, तर तो पुरावा म्हणूनही साठवू नका, शाळेला किंवा नातेवाइकांना पाठवू नका. कुणी, कुठे, कधी टाकला एवढं लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा चित्रांसाठी आहे. मूळ चित्र फोनमध्येच राहतं, त्यापासून बनलेला सांकेतिक ठसा तेवढा जातो, आणि सहभागी कंपन्या आपल्या ॲपवर तो शोधून चित्र काढू शकतात. आणि मुलाला त्या क्षणी ‘असा फोटो पाठवलासच का?’ हे ऐकवू नका. तो विषय कधीतरी निघेल, आज नाही.

फोन उलट्या बाजूने आला तर

‘तुमचा मुलगा दुसऱ्याला छळतो’ असं शाळेने सांगितलं, तर पहिली उर्मी नाकारण्याची असते. ‘तो तसा नाही’ हे वाक्य गिळा आणि विचारा, ‘नेमकं काय झालं ते सांगाल का?’ काही मुलं एकीकडे छळली जातात आणि दुसरीकडे छळतात, तीही शक्यता ध्यानात ठेवा.

घरी शांतपणे, पण आडपडदा न ठेवता बोला. ‘तू वाईट आहेस’ असं नको. ‘तू जे केलंस ते चुकीचं आहे आणि ते आजपासून बंद होणार’ असं. ‘मस्करी केली’ हे उत्तर आलं तर विचारा, ‘तो हसत होता का?’ मार देऊ नका. ताकद असलेल्याने हात उचलायचा असतो हेच त्यातून पुन्हा शिकवलं जातं. परिणाम मात्र हवा, आणि तो केलेल्या गोष्टीशी जोडलेला हवा. फाटलेल्या वहीच्या जागी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून नवी वही, ग्रुपमध्ये टाकलेली चित्रं स्वतः काढून टाकणं, मोबाइल काही दिवस तुमच्या समोरच वापरणं. माफी मागायला लगेच पाठवू नका. आधी शाळेमार्फत विचारा की समोरच्या मुलाला ती हवीय का. त्याला तोंडही बघायचं नसेल, तर दोन ओळींची चिठ्ठी शिक्षकांकडे देता येते.

मग घरात पाहा. आपल्याकडे चिडून बोलण्याची, कुणाच्या रंगावर-वजनावर हसण्याची, मोठ्याने धाकट्याला गप्प करण्याची पद्धत आहे का? शाळेत मुलाला कुणी सामील करून घेतंय का, की सामील राहण्यासाठीच ते दुसऱ्याला त्रास देतंय? उत्तर शोधायला समुपदेशकाची मदत घ्या. दोन आठवड्यांनी शाळेला स्वतःहून फोन करून विचारा की त्या दुसऱ्या मुलाचा त्रास थांबला का, आणि थांबला नसेल तर शाळेसोबत बसून पुढचं ठरवा.